बंदूक आणि बासन : चांदा व गडचिरोलीकडील जुन्या शस्त्रांच्या जतनाविषयी

जुन्या घराण्यांतील कागदपत्रे पाहत फिरणाऱ्या संग्राहकास एक अनुभव वारंवार येतो. माळ्यावरची पेटी खाली उतरविली जाते, झाकण उघडते, आणि मोडी रुमालांच्या शेजारीच, कित्येकदा त्याच फडक्यात गुंडाळलेली, एखादी तोड्याची किंवा ठासणीची बंदूक निघते. संशोधक रुमाल उचलतो, बंदूक बाजूस सारतो. काम आटोपले म्हणजे दोन्ही वस्तू पुन्हा पूर्ववत् एकत्र बांधल्या जातात. आमच्या मते येथेच दोहोंच्या नाशास आरंभ होतो.

हस्तलिखिते कशी राखावी याविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु त्याच पेटीतील लोखंडी साधनाविषयी, म्हणजे जे स्वतःच एक ऐतिहासिक लेख वाहून आणते त्याविषयी, आपल्या वर्तुळात फारसे कोणी बोलत नाही. प्रस्तुत लेखात चंद्रपूर (पूर्वीचे चांदा) व गडचिरोली या अरण्यप्रधान जिल्ह्यांतील जुन्या बंदुका दोन उपयोगांच्या मधल्या काळात कशा ठेवाव्या, त्यांस वंगण कोणते, किती व केव्हा द्यावे, आणि काय मुळीच करू नये, याचा विचार करावयाचा आहे. जुन्या वस्तूंबरोबरच, ज्यांच्या घरी परवान्याची चालती रायफल आहे त्यांच्याही उपयोगी पडेल असे काही ओघाने सांगू.

(१) या प्रांती बंदुका कोठून आल्या

चांद्याचा कोट गोंड राजांचा. पुढे तो नागपूरकर भोसल्यांकडे गेला, आणि मे १८१८ मध्ये कर्नल ॲडम्स याच्या सैन्याने तोफा लावून तो घेतला. १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले. त्यानंतर चारच वर्षांनी, १८५८ मध्ये, मोलमपल्लीचे जमीनदार बाबूराव शेडमाके यांनी या अरण्यात इंग्रजांविरुद्ध उठाव केला. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी त्यांस चांद्यास फाशी देण्यात आले. ही हकीकत आमच्या वाचकांस विदित आहेच. सांगण्याचा हेतू इतकाच की भोसल्यांच्या काळची तोड्याची बंदूक, कंपनीच्या कोठारातून फुटलेली गारेची किंवा टोपीची बंदूक, गावच्या कारागिराने घडविलेली भरमार, आणि विसाव्या शतकातील शिकारी रायफल, अशा चार पिढ्यांची शस्त्रे या एकाच मुलखात एकमेकींशेजारी सापडतात.

१९५१ मध्ये जमीनदाऱ्या संपल्या. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने शिकारही संपली. तेव्हापासून या बंदुका भिंतीवर किंवा पेटीत निजून आहेत. वापरात असलेली बंदूक निदान पुसली तरी जाते. निजलेल्या बंदुकीकडे वर्षानुवर्षे कोणी पाहत नाही. सबब जतनाचा प्रश्न वापर थांबल्यावरच खरा उभा राहतो.

(२) गंज म्हणजे काय

अमरकोशात लोखंडाच्या मळास मण्डूर म्हटले आहे. लौकिक समजूतही अशीच आहे की गंज हा बाहेरून चिकटलेला मळ असून तो घासून काढला म्हणजे मूळ लोखंड शाबूत हाती येते. ही समजूत चुकीची आहे, आणि पुढील सर्व चुका तिच्यातूनच जन्मतात.

सूरजागड व लोहारा येथील लोहपाषाण ज्यांनी पाहिला असेल त्यांस त्याचा तांबूस रंग ठाऊक असेल. तो पाषाण म्हणजे प्राणवायूशी संयोग पावलेले लोखंड. भट्टीत कोळशाच्या योगाने तो प्राणवायू काढून घेतला की धातू मिळतो. परंतु ही बळे घडविलेली अवस्था आहे. पाणी व हवा एकत्र भेटली की लोखंड आपल्या पूर्वस्थितीकडे परत जाऊ लागते. या परतीच्या प्रवासाचे नाव गंज. म्हणजे गंजात जे दिसते ते बाहेरून आलेले नसून त्या नळीचेच शरीर आहे. गंज मूळ धातूपेक्षा अधिक जागा व्यापतो. म्हणून तो फुगतो, त्याचे पापुद्रे सुटतात, आणि खालचा नवा धातू हवेस उघडा पडतो.

या क्रियेस वेग देणाऱ्या गोष्टी तीन. पहिली, हवेतील ओलावा. सापेक्ष आर्द्रता सुमारे साठ टक्क्यांच्या वर गेली की गंजाची गती झपाट्याने वाढते, आणि आषाढ-श्रावणात गडचिरोलीकडे ती त्याच्या पुष्कळ वर असते. दुसरी, क्षार. घामाने ओल्या बोटाचा ठसा नळीवर राहिला तर काही दिवसांनी त्याच बोटाची आकृती गंजाने उमटलेली दिसते. तिसरी, उष्णतेतील चढउतार. चंद्रपुरास वैशाखात पारा ४६-४७ अंशांपर्यंत जातो, आणि पहिल्या वळवासरशी हवा एकदम बदलते. थंड लोखंडावर दमट हवा आली की न दिसणारे दव त्यावर धरते. बंद पेटीतही हे घडते.

(३) बारूद व टोपी यांचा मागे राहिलेला क्षार

बंदूक उडविल्यानंतर नळीत जी काजळी राहते ती निव्वळ काजळी नव्हे. जुन्या काळ्या दारूत सोरा, गंधक व कोळसा असतो. जळाल्यावर त्यातून पालाशाचे निरनिराळे क्षार नळीस चिकटतात, आणि ते हवेतील पाणी ओढून घेतात. हे क्षार तेलात विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात. म्हणून ठासणीच्या बंदुकीची जुनी रीत अशी की नळी प्रथम ऊन पाण्याने धुवावी, गजास कोरडे फडके बांधून ती पूर्ण कोरडी करावी, आणि मगच तेल द्यावे. पाण्याची भीती बाळगून जो केवळ तेल ओततो तो क्षारावर पांघरूण घालतो. आतला क्षार आपले काम चालूच ठेवतो.

हीच गोष्ट जुन्या ·३०३ रायफलीची. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतच्या बहुतेक लष्करी काडतुसांच्या टोपीत असे द्रव्य असे की ते जळाल्यावर मिठासारखा क्षार मागे राही. त्या काळच्या रायफलींच्या नळ्या आतून खवल्यासारख्या दिसतात, त्यास बहुधा वापरापेक्षा हे कारण अधिक असते. अर्वाचीन काडतुसांत तो क्षार नसतो. परंतु कोणते काडतूस वापरले होते हे आज ठाऊक नसेल तर नळी एकवार पाण्याने स्वच्छ करून, कोरडी करून, नंतर तेल देणे हेच श्रेयस्कर.

(४) पूर्वसूरींचे मत

हा विषय केवळ अर्वाचीन आहे असे कोणी समजू नये. कौटिल्याच्या अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात आयुधागाराध्यक्षाचे प्रकरण आहे. तेथे शस्त्रांची जागा वारंवार बदलावी, त्यांस ऊन व वारा पुनःपुन्हा द्यावा, आणि ऊष्मा, उपस्नेह व कृमी यांनी ज्यांस बाधा होत असेल त्यांची वेगळी व्यवस्था करावी असा आदेश आहे. यातील ‘उपस्नेह’ हा शब्द लक्षात घेण्याजोगा आहे. स्नेह म्हणजे सामान्यतः तेल-तूप. परंतु येथे त्याचा अर्थ ओल, दमटपणा असाच घ्यावा लागतो. ज्या धातूपासून आलेला शब्द येथे शत्रू, त्याच धातूचा दुसरा शब्द वंगणरूपाने मित्र, असा हा योग आहे. हा ग्रंथ शतकानुशतके केवळ नावाने ठाऊक होता. म्हैसूर येथे १९०५ मध्ये त्याचे हस्तलिखित शामशास्त्री यांच्या हाती आले व १९०९ मध्ये तो छापला गेला. एका ग्रंथभांडारात पोथी राखली गेली म्हणून आयुधागार कसे राखावे हे आज आपणांस वाचावयास मिळते.

मराठी राजनीतीतील आज्ञापत्र, जे इ. स. १७१५ च्या सुमाराचे मानतात व जे रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर आहे, त्यातील दुर्गप्रकरण तर अधिकच व्यवहारी आहे. पर्जन्यकाळी तोफांस तेल व मेण द्यावे, त्यांचे काने मेणाने बुजवावे आणि वर झाकणे घालावी असे तेथे सांगितले आहे. दारूखाना वस्तीपासून दूर ठेवून आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः जाऊन आतील सामान बाहेर काढून त्यास ऊन द्यावे व पुन्हा मुद्रा करून ठेवावे अशीही ताकीद आहे. ‘स्वतः जाऊन’ हे त्यातील मर्म. जतन हे द्रव्यापेक्षा देखरेखीचे काम आहे.

शुक्रनीतीतील लघुनालिक व बृहन्नालिक यांच्या वर्णनाचा आधार येथे आम्ही मुद्दाम घेत नाही. १८८० साली गुस्ताव ओपर्ट यांनी त्यावरून प्राचीन भारतात बंदुका होत्या असे प्रतिपादन केले. परंतु तो ग्रंथ, निदान त्याचा तो भाग, फार अलीकडचा आहे हे पुढील विद्वानांनी दाखविले आहे.

(५) वंगणाचा विचार

१८५७ च्या प्रारंभी दमदम येथे जो असंतोष उठला तो एनफील्ड बंदुकीच्या काडतुसांवरील चरबीवरून, हे सर्वश्रुत आहे. ती चरबी तेथे का होती, हे मात्र क्वचित सांगितले जाते. नळीत आटे असल्यामुळे गोळी घट्ट बसे; ती सहज सरकावी आणि आतली काजळी मऊ राहावी यासाठी कागदी काडतुसास स्निग्ध द्रव्य लावणे भाग होते. गाईची व डुकराची चरबी आहे असा संशय पसरताच शिपायांनी स्वतःच्या पसंतीचे मेण-तेल वापरावे अशी मुभा देण्यात आली, पण तोवर विश्वास उडाला होता. असो. वंगण कोणत्या जातीचे हा प्रश्न धर्माच्या दृष्टीने तेव्हा जसा निकडीचा होता, तसा धातूच्या दृष्टीने तो आजही आहे.

आपल्या प्रांती घरात जी तेले सहज मिळतात ती म्हणजे जवस, तीळ, करंज, खोबरेल व मोहाच्या टोळीचे तेल. यांपैकी एकही बंदुकीच्या कळेत घालू नये. कारणे येणेप्रमाणे :

जवसाचे तेल हवेत वाळते व त्याची राळेसारखी साय बनते. चित्रकारांस हा गुण हवा असतो, परंतु कमान व घोडा यांच्या सांध्यात हीच साय गोंदासारखी बसून सर्व जागच्या जागी जखडून टाकते. तिळाचे तेल त्याहून हळू, पण शेवटी चिकटच होते. खोबरेल व मोहाचे तेल थंडीत थिजते, आणि गडचिरोलीकडील पौषातली पहाट त्यास पुरेशी असते. शिवाय ही सर्व तेले कालांतराने खवट होतात. खवटपणा म्हणजे त्यांत आम्ल सुटणे. जुन्या बंदुकीच्या पितळी पट्टीवर जो हिरवा, मेणचट थर दिसतो तो अशा आम्लाने तांब्याशी केलेल्या संयोगाचा असतो. खारवलेली चरबी याहून वाईट, कारण तीत मीठ असते.

खनिज तेल, म्हणजे शिवणयंत्रास घालतात त्या जातीचे निर्मळ पातळ तेल, वाळत नाही व खवटही होत नाही. सांध्यांत ते थेंबाने घालावे, ओतू नये. नळीच्या बाह्य भागास व आतल्या भागास त्याचा इतकाच हात द्यावा की बोटास गुळगुळीत लागावे, पण कोरडे फडके ओले होऊ नये. अधिक तेल म्हणजे अधिक रक्षण नव्हे. ते धूळ धरते, खाली उतरते, आणि दस्त्याच्या लाकडात शिरून ते काळे व भुसभुशीत करते. बंदूक कोनाड्यात दस्ता खाली व नळी वर अशी वर्षानुवर्षे उभी ठेवण्याच्या रीतीने कित्येक उत्तम दस्ते कळेच्या मागच्या भागी असेच कुजलेले आम्ही पाहिले आहेत. उभी ठेवणे असेल तर नळीचे तोंड खाली, मऊ गादीवर, असे ठेवावे. अन्यथा आडवी ठेवावी.

दीर्घ काळ न वापरावयाच्या शस्त्रास पातळ तेलापेक्षा दाट आवरण बरे, कारण पातळ तेल हळूहळू ओघळून जाते. चालत्या रायफलीस पेट्रोलियम जेलीचा पातळ थर चालतो. संग्रहातील वस्तूस मात्र संग्रहालयांत वापरतात ते सूक्ष्मस्फटिकी मेण अधिक चांगले. ते धूळ धरीत नाही, हाताळल्याने पुसले जात नाही, आणि शेजारच्या कागदास डाग देत नाही. घासलेट मळ सोडविते, परंतु उडून जाते व मागे रक्षण ठेवीत नाही. सबब ते साफसफाईचे साधन, वंगण नव्हे.

दस्त्याच्या लाकडास मात्र जवसाचे तेल हितकर. तेथे वाळणे हाच गुण होय. चालत्या रायफलीच्या दस्त्यास वर्षा-दोन वर्षांनी चार थेंब हाताने चोळून जादा पुसून काढावे. ज्या दस्त्यावर जुने रोगण, हस्तिदंत किंवा धातूचे जडावकाम आहे तेथे तेही नको, मेणच लावावे.

चालत्या रायफलीविषयी आणखी दोन सूचना. नळीत तेल असता ती उडवू नये. आधी कोरड्या फडक्याने नळी पुसून काढावी. आणि ठेवताना नळीच्या तोंडास बूच मारू नये. बुचाने आतली ओल कोंडते, आणि विसरलेले बूच नळी फाडते. आज्ञापत्रात काने बुजविण्यास सांगितले ते उघड्या तटावरील तोफांसाठी. घरातील नळीस ती आज्ञा लावू नये.

(६) बासन आणि बंदूक यांची फारकत

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. पोथ्यांच्या शेवटी लेखक जी प्रार्थना लिहीत असत ती आपणांस परिचित आहे : तेलापासून, पाण्यापासून व सैल बांधणीपासून मला राख, असे पोथीच वाचकास विनविते. म्हणजे जे तेल बंदुकीचा प्राण, तेच पोथीचे मरण. दोहोंस समान शत्रू एकच, आणि तो म्हणजे ओल.

तरीही दोन्ही एका फडक्यात का बांधली जातात? कारण घरमालकाच्या दृष्टीने ती दोन्ही ‘वाडवडिलांची’ आहेत. भावना उत्तम, परिणाम अनिष्ट. बंदुकीचे तेल रुमालात उतरते, कागद पारदर्शक होतो, पाठीमागची अक्षरे पुढच्या अक्षरांत मिसळतात. उलट सुती कापड व कागद हवेतील ओल शोषून धरतात व ती लोखंडाच्या अंगास लावून ठेवतात. तेव्हा पेटी उघडताच पहिले काम ही फारकत. मात्र बांधलेला क्रम, गाठोड्यावरील खूण व कोणता कागद कोणत्या शस्त्राबरोबर होता याची नोंद केल्यावाचून काहीही हलवू नये. १८७८ च्या शस्त्रविषयक कायद्याखालील जुना परवाना बंदुकीच्या गाठोड्यातच निघण्याचा संभव असतो, आणि मालकाचे नाव, गाव व साल यांचा तो अस्सल पुरावा होय.

चामड्याच्या म्यानातही बंदूक ठेवू नये. कमावताना चामड्यात शिरलेली आम्ले व क्षार लोखंडास खातात. लोकरी बनातीचेही तसेच. ताज्या लाकडाच्या नव्या पेटीतून आम्ल वाफा निघतात, आणि बंद कपाटात शिशाच्या गोळ्यांवर जी पांढरी पूड दिसते ती त्यांचीच करणी. उत्तम जागा म्हणजे घराच्या आतल्या खोलीत, बाहेरच्या भिंतीपासून व जमिनीपासून अंतरावर, स्वयंपाकघर व न्हाणीघर यांपासून दूर, कुलपाचे लोखंडी कपाट. त्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्या. रंग बदलणाऱ्या जातीच्या पुड्या असल्या म्हणजे त्या केव्हा भिजल्या हे कळते. ऊब देऊन त्या पुन्हा कोरड्या करता येतात. कागदासाठी दुसरे कपाट असावे.

(७) घासणे : आमच्या हातून झालेला प्रमाद

येथे आम्हांस स्वतःचा एक अपराध सांगितला पाहिजे. सुमारे चाळीस वर्षांपूर्वी, शाळेच्या सुटीत, वैनगंगेकाठच्या एका गावी मोडी कागद पाहण्यास गेलो असता घरमालकांनी एक तोड्याची बंदूक दाखविली. नळीच्या कान्यापाशी, गंजाखाली, चांदीच्या तारेने भरलेली देवनागरी अक्षरे अंधुक दिसत होती. तीन अक्षरे लागली, चौथे लागेना. उतावीळपणाने आम्ही सुचविले की चिंच व विटेची पूड लावून जरा घासून पाहावे. घरच्या गड्याने सकाळभर घासले. दुपारी नळी आरशासारखी लखलखली, आणि त्यावर एकही अक्षर उरले नव्हते. चांदीची तार आधीच फुगलेल्या गंजावर तरंगत होती. गंज गेला, त्याबरोबर तीही गेली. आदल्या संध्याकाळी साधा ठसा किंवा छायाचित्र घेण्याचे आम्हांस सुचले नाही. ज्याने शेकडो विद्यार्थ्यांस पोथीची पुष्पिका प्रथम उतरून घ्या असे शिकविले, त्याने लोखंडावरील पुष्पिका स्वतःच्या सांगण्यावरून पुसविली. घरमालक आनंदले होते. आम्ही मात्र ती नळी पुन्हा हाती घेऊ शकलो नाही.

म्हणून आग्रहाने सांगतो की विटेची पूड, राख, चिंच, लिंबू, पॉलिशकागद यांपैकी काहीही जुन्या नळीस लावू नये. काळसर-तपकिरी, घट्ट, न सुटणारा थर हा वयाचा थर होय. तो खालच्या धातूचे काही अंशी रक्षणच करतो, तो काढू नये. नारिंगी, सुटी पूड मात्र जिवंत गंजाची खूण. ती मऊ कुंचल्याने झाडावी, खनिज तेलाने भिजविलेल्या फडक्याने हलकेच टिपावी, कोरडे करून मेण द्यावे, आणि तेवढ्यावर थांबावे. मुलामा, कोफ्तगिरी किंवा अक्षरे असलेल्या जागी तेवढेही करण्यापूर्वी तिरप्या प्रकाशात छायाचित्र घ्यावे व पुढील काम संग्रहालयातील रसायनज्ञाकडे सोपवावे.

वाचण्याजोगे पुष्कळ असते. कंपनीच्या बंदुकीच्या कळेवर हृदयाकृती चिन्ह किंवा पुढील काळात उभा सिंह असतो. इंग्रज सरकारच्या बंदुकीवर मुकुट, ‘टॉवर’ ही अक्षरे व साल असते. देशी नळीवर मालकाचे नाव, कारागिराची खूण, कोठाराचा क्रमांक असतो. एका चिन्हावरून ती बंदूक १८५७ च्या आधीची की नंतरची हे ठरू शकते. ते चिन्ह राहिले तर ती बंदूक साक्षीदार. ते गेले तर ती केवळ लोखंडाची कांब.

(८) भरलेली बंदूक व कायदा

जतनाच्या पूर्वी सुरक्षितता. ठासणीच्या बंदुका कित्येकदा भरलेल्या अवस्थेतच टांगून ठेवलेल्या असतात, आणि कोरडी राहिलेली काळी दारू अनेक दशकांनंतरही पेटू शकते. म्हणून कोणतीही जुनी नळी भरलेलीच आहे असे समजून चालावे, आणि तिचे तोंड कोणाकडे धरू नये. लाकडी काठी अलगद तळापर्यंत सोडून तीवर नळीच्या तोंडापाशी खूण करावी, मग तीच काठी बाहेरून नळीस लावून पाहावी. ती कान्यापर्यंत पोहोचत नसेल तर आत काहीतरी आहे. अशा वेळी आपण खटपट करू नये, नळी तापवू नये, गज मारू नये. पोलिसांस किंवा परवानाधारक शस्त्रकारास कळवावे. तेल, मेण, अक्षरे, सर्व त्यानंतर.

कायद्याचेही थोडे सांगणे अवश्य आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या ४५ व्या कलमात जुन्या घडणीच्या, पुरातन मूल्याच्या किंवा नादुरुस्त शस्त्रांस सूट आहे. परंतु दुरुस्ती करून वा न करता जे अग्निशस्त्र म्हणून वापरता येणारच नाही अशासच ती लागू पडते. आपली बंदूक त्यात मोडते की नाही हे आपण ठरवावयाचे नसून जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडून ठरवून घ्यावयाचे आहे. मूळ परवानेदार वारला व वारसांनी काहीच केले नाही तर ते शस्त्र बेकायदा ठरते. अशा वेळी विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे ते जमा करून पुढील अर्ज करावा. अभयारण्याच्या दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानेदारास वन्यजीव अधिनियमाखाली वेगळी नोंदणीही करावी लागते, आणि या दोन जिल्ह्यांत ती अट अनेकांस लागू पडेल.

निवडणुकीच्या काळात परवान्याच्या बंदुका कित्येकदा ठाण्यात जमा कराव्या लागतात. तेथे त्या काही आठवडे, क्वचित अधिक काळ राहतात. जमा करण्याच्या आदल्या दिवशी नळी कोरडी करून तेलाचा हात द्यावा, क्रमांक व अवस्था यांची पावतीवर नोंद घ्यावी, आणि परत आल्या दिवशीच पुन्हा पुसावी. हे न केल्याने एका मोसमात रायफलीची नळी खराब होते, आणि मग दोष कोणाचा यावर वाद उरतो.

(९) वर्षाचा क्रम

या सर्वांचे सार एका वार्षिक क्रमात सांगता येईल. ज्येष्ठाच्या आरंभी, पाऊस लागण्यापूर्वी, शस्त्र कोरड्या हवेत पुसून तेल वा मेण द्यावे व पुड्या बदलाव्या. श्रावणात व भाद्रपदात, उघाड पडेल त्या दिवशी, कपाट उघडून केवळ पाहावे. नारिंगी ठिपका दिसल्यास तेवढाच टिपावा. पाऊस ओसरल्यावर आश्विन शुद्ध नवमीस पूर्ण तपासणी करावी.

ही तिथी आम्ही सहज निवडलेली नाही. खंडेनवमीस शस्त्रे बाहेर काढण्याची आपली चाल आहे, आणि बृहत्संहितेतील नीराजनविधीही याच ऋतूकडे बोट दाखवितो. चातुर्मासाची ओल खाऊन निघालेले शस्त्र नेमके याच दिवशी पुसावयास हवे असते; पूर्वजांनी देखरेखीस धर्माची तिथी बांधून दिली असे म्हणावयास हरकत नाही. परंतु त्याच दिवशी ओले कुंकू, हळद, अक्षता, नारळाचे पाणी व झेंडूची फुले नळीवर राहिली तर पुढील वर्षभर त्या जागी गंज धरतो. यासाठी गंध-फूल शस्त्राखालील पाटास वाहावे, किंवा नळीवर मेण देऊन मगच पूजा करावी, आणि संध्याकाळी सर्व कोरड्या फडक्याने पुसून घ्यावे. पूजेत न्यून येत नाही.

ज्या घरांस हे करणे शक्य नाही त्यांनी वस्तू संग्रहालयाकडे देण्याचा विचार करावा. नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय १८६३ पासून आहे. तेथे किंवा अन्यत्र देताना मालकाच्या घराण्याची हकीकत लेखी द्यावी, कारण हकीकतीवाचून आलेले शस्त्र अर्धेच येते.

शेवटी आमच्या संग्राहक बंधूंस एकच विनंती. पुढील खेपेस पेटी उघडून रुमाल हाती घ्याल तेव्हा शेजारच्या नळीसही पाच मिनिटे द्यावी. ती भरलेली नाही ना हे पाहावे, अक्षरांचे छायाचित्र घ्यावे, कागदांपासून ती वेगळी करावी, आणि घरच्या मंडळींस कोणते तेल लावावे व काय घासू नये हे समजावून सांगावे. वैनगंगेकाठच्या त्या नळीवरील चौथे अक्षर कोणते होते हे आता कोणासच कळावयाचे नाही. दुसऱ्या एखाद्या पेटीतील अक्षरे तरी वाचली जावीत, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.